जपानबाहेर न गेलेले खेळ आणि नारायणगावचा माळा



आजच्या विषयाची घोषणा झाल्यावर आम्हाला दोन-तीन फोन आले. ज्याने उभी हयात तत्त्वज्ञान शिकवलं तो गृहस्थ सत्तरी उलटल्यावर व्हिडिओ गेमवर काय बोलणार, असा एकंदर सूर होता. त्यांचं चुकलं नाही. वर्षभरापूर्वी आम्हालाही हा विषय आपला वाटला नसता. पण इतिहास कधी कधी माळ्यावरून खाली येतो आणि मग त्याला टाळता येत नाही.

झालं असं. दिवाळीच्या आधी आम्ही नारायणगावला पुतण्याच्या घरी होतो. साफसफाई निघाली होती. माळ्यावरून फुटकी घागर, एक जुना स्टोव्ह, मुलांची तीनचाकी असं एकेक खाली येत होतं आणि अंगणात भंगारवाला काटा घेऊन उभा होता. त्यात एक पुठ्ठ्याचा खोका आला. आत राखाडी रंगाचं एक प्लॅस्टिकचं यंत्र, वायरने जोडलेले दोन रिमोट, एक अडॅप्टर आणि सहा-सात पिवळ्या कॅसेट. पुतण्याचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याने कॅसेटवरची चित्रं न्याहाळली, मोबाइलवर काही शोधलं आणि म्हणाला, “आजोबा, हे ‘बॅटल सिटी’ आहे. १९८५चं. आणि हे अधिकृतपणे जपानबाहेर कधी विकलंच गेलं नाही.”

शिडीवर उभा असलेला पुतण्या तिथूनच म्हणाला, “कोण म्हणतं? हा तर आपला टँकचा गेम आहे.”

आता बघा, दोघांचीही विधानं खरी होती. खेळ जपानबाहेर गेला नाही हेही खरं, आणि तो नारायणगावच्या माळ्यावर होता हेही खरं. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही असं उदाहरण फळ्यावर लिहिलं असतं आणि विचारलं असतं, की यातल्या कोणत्या शब्दात घोटाळा आहे? घोटाळा ‘जाणे’ या शब्दात आहे. त्या एका शब्दासाठी आम्ही वर्षभर वाचत राहिलो. त्यातून हाती आलं ते आज आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात जपानपासून करू. १५ जुलै १९८३ रोजी निंतेंदो या क्योतोच्या कंपनीने ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. किंमत १४,८०० येन. लोकांनी नाव आखूड करून ‘फामिकॉम’ केलं. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने ते घडवलं. यंत्र टीव्हीला जोडायचं, वरच्या खाचेत खेळाची कॅसेट बसवायची आणि खेळायचं. आपल्याकडे मुलं तिला कॅसेटच म्हणत, म्हणून आम्हीही कॅसेट म्हणणार. आत फीत वगैरे काही नसते, एक छोटा छापील पट्टा आणि त्यावर चिप. त्या पट्ट्याला जोडणीसाठी साठ दात असतात. हा साठ आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अमेरिकेत त्याच वर्षी व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. दुकानदार हात पोळलेले. त्यामुळे निंतेंदो तिथे १९८५च्या अखेरीस गेली ती वेश बदलून. यंत्राचं नाव वेगळं, पेटी वेगळी, कॅसेट मोठी आणि दात साठाऐवजी बहात्तर. शिवाय यंत्रात एक कुलूप बसवलं. यंत्रातली चिप कॅसेटमधल्या चिपला जणू परवलीचा शब्द विचारी. उत्तर बरोबर आलं नाही तर यंत्र पुन्हापुन्हा बंद-चालू होत राही. म्हणजे कंपनीने परवानगी दिलेलीच कॅसेट चालणार. वर प्रत्येक बाहेरच्या निर्मात्यावर बंधन, की वर्षाला पाचच खेळ काढायचे. या सगळ्याचा परिणाम असा, की जपानमध्ये हजाराच्या वर खेळ निघाले आणि उत्तर अमेरिकेत अधिकृतपणे सातशेच्या आतच. म्हणजे शेकडो खेळ घरीच राहिले.

ते का राहिले, याची कारणं मोठी गमतीची आहेत. काही खेळांत जपानी मजकूर फार होता, त्यांचं भाषांतर खर्चाचं. काहींचे विषय तिथल्याच मातीतले. माजोंग, पाचिंको, घोड्यांच्या शर्यती, टीव्हीवरचे विनोदवीर यांवरचे खेळ अमेरिकेतल्या पोराला काय कळणार? १९८४चा ‘डेव्हिल वर्ल्ड’ हा खुद्द शिगेरू मियामोतो यांच्या हातचा खेळ. त्यात क्रूस आणि बायबल गोळा करायचं असे. कंपनीच्या अमेरिकी शाखेला खेळात धार्मिक चिन्हं नको होती, म्हणून तो युरोपात गेला पण अमेरिकेत गेला नाही. ‘सुपर मारिओ’चा १९८६चा दुसरा भाग तर फार अवघड म्हणून थांबवला, आणि ‘दोकी दोकी पॅनिक’ या निराळ्याच जपानी खेळात पात्रं बदलून तोच ‘दुसरा भाग’ म्हणून अमेरिकेला दिला. बिचाऱ्या अमेरिकी मुलांना मूळचा दुसरा भाग मिळायला १९९३ उजाडलं. आणि काही खेळ निव्वळ म्हातारे झाले म्हणून राहिले. १९८४-८५चे छोटे, साधे खेळ दोन-तीन वर्षांनी अमेरिकेत नेऊन काय करायचं, असा हिशेब असावा. ‘बॅटल सिटी’, ‘मॅपी’, ‘बायनरी लँड’, ‘नट्स अँड मिल्क’, ‘सर्कस चार्ली’ हे त्या पिढीचे. आणि आमच्या गोष्टीत महत्त्वाचे आहेत ते हे म्हातारेच.

कारण अमेरिकी यंत्राला कुलूप होतं, जपानी यंत्राला नव्हतं. साठ दातांच्या खाचेत कोणतीही कॅसेट घाला, यंत्र कोणताही प्रश्न विचारत नसे. त्यामुळे तैवानमध्ये आणि पुढे चीनमध्ये नकला करणाऱ्यांनी जपानी यंत्राचीच नक्कल केली. स्वस्त पडे, सोपी पडे आणि जपानी बाजारातल्या सगळ्या कॅसेट त्यावर चालत. ही नक्कल-यंत्रं नव्वदच्या दशकात जगाच्या त्या सगळ्या भागात गेली जिथे मूळ कंपनी गेली नव्हती किंवा तिची किंमत परवडत नव्हती. रशियात १९९२च्या अखेरीला ती ‘डेंडी’ झाली, पोलंडमध्ये ‘पेगासस’. आपल्याकडे ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ ही नावं त्या वयाच्या लोकांना आठवतील. पुतण्याच्या यंत्रावर कोणतंच नाव नव्हतं. जिथे नाव असायला हवं तिथे चिकटवलेला कागद उष्णतेने गळून गेला होता.

बरं, अधिकृत रस्त्याने आपल्याकडे काय येत होतं? सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीने १९९५मध्ये शॉ वॉलेसशी करार केला. आयातशुल्क ८० टक्के होतं, त्यातून वाट काढायची म्हणून. यंत्राची किंमत १८,००० रुपये. त्या काळी मंचरच्या किंवा ओतूरच्या शेतकऱ्याने पोराच्या खेळण्यासाठी अठरा हजार मोजावेत, ही कल्पनाच हास्यास्पद होती. नक्कल-यंत्र त्याच्या कितीतरी खाली मिळे. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट, पुण्यात बुधवारातली तपकीर गल्ली. तिथून एसटीच्या टपावर नाहीतर कुणाच्या पिशवीत ते इकडे येई.

कॅसेटवर ‘६४ इन १’ किंवा ‘९९९९ इन १’ असं लिहिलेलं असे. आकड्यावर कुणी विश्वास ठेवू नये. आत खरे खेळ काही डझन. तोच खेळ दुसऱ्या पातळीपासून सुरू केला की नवा नंबर, वेग वाढवला की आणखी एक नंबर. एकच वस्तू किती नावांनी मोजली म्हणजे अनेक होते, हा प्रश्न आम्ही वर्गात तीस वर्षं शिकवला. त्याचं इतकं सोपं उदाहरण बाजारात कॅसेटच्या भावाने विकायला होतं, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

पण मुद्दा असा, की एका कॅसेटमध्ये इतके खेळ कोंबायचे तर ते लहानच हवेत. ‘बॅटल सिटी’ हा संपूर्ण खेळ २४ किलोबाइटचा आहे. ‘बायनरी लँड’ही तेवढाच. पहिला ‘मारिओ’ ४० किलोबाइट. आपल्या मोबाइलवर रोज सकाळी फुलाचं ‘सुप्रभात’ येतं ना, त्या एका चित्राच्या जागेत असे कितीतरी खेळ मावतील. १९८६-८७नंतरच्या मोठ्या खेळांना कॅसेटमध्ये जादा चिपा लागत, डाव साठवायला बॅटरी लागे. त्यांची नक्कल महाग. म्हणून नक्कल करणाऱ्याने निवडले ते ८४-८५चे छोटे खेळ. म्हणजे नेमके तेच, जे अमेरिकेसाठी म्हातारे ठरले होते.

हे आम्हाला उमगलं तेव्हा खरं सांगतो, थोडा वेळ आम्ही खुर्चीवरून उठलो नाही. कुणी योजना केली नव्हती. एकाने ‘जुनं’ म्हणून बाजूला ठेवलं, दुसऱ्याने ‘लहान’ म्हणून उचललं. या दोन हिशेबांच्या मधून ‘बॅटल सिटी’ नारायणगावला पोचलं. बॉस्टनच्या मुलाला जो खेळ दुकानात मिळाला नाही, तो घोडेगावच्या मुलाने एसटी स्टँडाजवळच्या एका खोलीत तासावर पैसे देऊन खेळला. आज परदेशातले हौशी लोक जपानमध्येच राहिलेले हे खेळ शोधून काढतात, त्यावर लिहितात, मूळ कॅसेटना चांगली किंमत मोजतात. त्यांच्यासाठी तो शोध आहे. आमच्या पुतण्यासाठी तो इयत्ता सातवीचा मे महिना आहे.

या तालुक्यांबद्दल इथे एक आठवण. नारायणगावजवळ आर्वीला १९७१मध्ये उपग्रह भूकेंद्र झालं. परदेशाशी उपग्रहामार्फत बोलण्याची देशाची सोय तिथे झाली. पुढे खोडदला जीएमआरटी झाली, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण, गोविंद स्वरूप यांच्या ध्यासातून. दूरचे संदेश पकडणं जुन्नर तालुक्याला नवं नाही. पण ते संदेश सरकारी कागदपत्रांतून आले, त्यांची तारीख-वार नोंद आहे. पिवळ्या कॅसेटची एकही नोंद नाही. जकातीच्या वहीत नाही, शाळेच्या अहवालात नाही, वर्तमानपत्रात असली तर ‘मुलांचे डोळे बिघडतात’ या मथळ्याखाली.

आणि जकातीवरून नाणेघाट आठवल्याशिवाय कसं राहील? सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण जकातीचा, असं लोक सांगतात. गुहेत नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. पण तिथेच खडकावर कोरलेले खेळाचे पटही आहेत. अभ्यासकांनी ते नोंदवले आहेत. तांड्यातले लोक, पहारेकरी, ओझेवाले खोळंबले की खेळत असणार. सोंगट्या, खळगे, रेघा. राणीने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची नोंद भिंतीवर आकड्यांसकट आहे. खेळाची नोंद म्हणजे फक्त खेळाचा पट. नाव नाही, नियम नाहीत, कोण कुणाकडून शिकला ते नाही. ‘हा खेळ अमुक देशात प्रसिद्ध झाला आणि तमुक देशात झाला नाही’ हे वाक्य त्या खडकासमोर उभं राहून उच्चारून पाहा. उच्चारताच येत नाही. आपल्या पचिसीवरून इंग्लंडात लुडो निघाला, १८९६मध्ये त्याचं पेटंटही झालं. पचिसी तोवर कुठेच ‘गेली’ नव्हती की काय? गेली होती, पण कागद लुडोचा आहे.

मुंबईहून इकडे यायचा एक रस्ता आजही कल्याण, मुरबाड, माळशेज, आळेफाटा असाच आहे. नाणेघाट तिथून हाकेच्या अंतरावर. माल बदलला, वाट फारशी बदलली नाही.

आता दुसरी बाजू. मजकूर असलेल्या खेळांचं काय झालं? ते नव्वदच्या दशकात आमच्याकडे आलेच नाहीत, किंवा आले तरी कुणी दहा मिनिटांवर खेळलं नाही. शिगेसातो इतोई या लेखकाचा ‘मदर’ हा १९८९चा खेळ घ्या. निंतेंदोने त्याचं इंग्रजी भाषांतर १९९०मध्ये पूर्ण केलं आणि कपाटात ठेवून दिलं. त्याची नमुना-कॅसेट पुढे बाहेर आली आणि १९९८मध्ये हौशी मंडळींनी तो खेळ सर्वांना खुला केला. कंपनीने स्वतः तो इंग्रजीत द्यायला २०१५ साल लागलं. ‘फायनल फँटसी’चा पाचवा भाग जपानमध्ये १९९२चा. हौशी पोरांनी घरी बसून त्याचं इंग्रजी केलं, आणि कंपनीचं इंग्रजी आलं ते १९९९मध्ये. ‘मदर’चा तिसरा भाग २००६चा. २००८मध्ये हौशी भाषांतर झालं, अधिकृत आजतागायत नाही. कुणी सांगितलं नाही, पैसे मिळाले नाहीत, उलट कायद्याची भीती. तरी त्यांनी केलं. भाषांतर हा उपद्व्याप कुणी का करतं, हे ज्यांना कळत नाही त्यांनी या पोरांकडे पाहावं.

म्हणजे घरी राहिलेल्या खेळांच्या दोन वाटा झाल्या. शब्दांचे खेळ थांबले आणि नंतर भाषांतरकारांच्या खांद्यावर बसून श्रीमंत देशांत गेले. बिनशब्दांचे खेळ आधीच, बिनबोभाट, आमच्यासारख्यांच्या घरी येऊन बसले. ‘बायनरी लँड’मध्ये दोन पेंग्विन आहेत. एकाला डावीकडे नेलं की दुसरा उजवीकडे जातो, आरशात दिसावं तसा. दोघांना एकाच वेळी वरच्या हृदयाशी पोचवायचं. यात वाचायचं काय आहे? ‘सर्कस चार्ली’त सिंहावर बसून आगीच्या कड्यातून उडी मारायची. ज्या गावात तमाशाचे फड बुक होतात आणि ज्याने जत्रेत सर्कशीचा तंबू पाहिलाय, त्या पोराला हे कुणी समजावून सांगायला हवं?

तरीही काही कॅसेटमध्ये जपानी अक्षरांचे खेळ निघतच. पुतण्या सांगतो, तिसऱ्या ओळीवर बटण दाबलं की दार उघडतं, पहिल्यावर दाबलं की मरतो, असं ते पाठ करत. आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, आपण सगळे जाणतो. आमची पोरं जपानी म्हणत होती ती त्याच चालीवर. विनोद सोडा, पण अर्थ न कळता पाठांतराने एखादी गोष्ट पार करणं, ही आपल्याकडची जुनी विद्या आहे आणि तिला हसू नये.

एक गोष्ट मात्र टोचते आणि ती लपवणार नाही. नक्कल करणाऱ्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर पडद्यावरचं निर्मात्याचं नाव खोडलं. ‘नामको’, ‘कोनामी’, ‘हडसन’ ही नावं आमच्या मुलांनी पुष्कळ कॅसेटवर पाहिलीच नाहीत. ज्याने महिनोन्महिने बसून तो खेळ रचला, त्याला इथून एक पैसा गेला नाही, आणि तो जपानी होता हेही इथे कुणाला कळलं नाही. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घातली. हाताने नकला होत होत ग्रंथ कुठेही गेला तरी नाव ओळीत गुंफलेलं, ते काढलं तर चरण मोडतो. खेळ रचणाऱ्यांना ही सोय नव्हती. त्यांचं नाव सुरुवातीच्या पाटीवर होतं, आणि पाटी काढून टाकणं सोपं. आंबेगाव तालुक्यात ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव गेलं, नाव उरलं. या कॅसेटचं उलटं झालं.

तेव्हा चोरी होती का? होती. आम्ही नीतिशास्त्रही शिकवलं आहे, त्यामुळे इथे पळवाट काढणं शोभणार नाही. पण ज्या माणसाला विकत घेण्याचा रस्ताच ठेवला नव्हता, त्याच्या चोरीचं वजन आणि दुकानात माल असताना केलेल्या चोरीचं वजन आम्ही एका काट्यावर तोलणार नाही. शिवाय चोर इथला पोरगा नव्हता. त्याच्या बापाने रोख पैसे मोजून, पावती मागून, न मिळाल्याने भांडून ते यंत्र घेतलं होतं.

आता त्या खोक्याकडे परत येतो. पुतण्याने सांगितलं, की मुलांकडे एक वही असे. कॅसेट लावली की पडद्यावर नंबरांची यादी येई, इंग्रजी नावं अर्धी चुकीची, अर्धी कापलेली. मग एकेक नंबर लावून पाहायचा आणि वहीत लिहायचं. बारा म्हणजे सर्कस. एकोणीस म्हणजे दोन पेंग्विन. चोवीस म्हणजे गाड्या, पेट्रोल लवकर संपतं. एकतीस लावू नये, टीव्ही पांढरा होतो. वही गल्लीतून फिरे, कॅसेटबरोबर उसनी जाई. कुठली कंपनी, कुठला देश, कुठलं साल यांपैकी काही माहीत नसताना सातवी-आठवीच्या मुलांनी केलेली ती सूची होती. ग्रंथालयशास्त्राच्या लोकांनी याची दखल घ्यायला हवी.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर आणखी एक गोष्ट होती. ‘बॅटल सिटी’त एकूण पस्तीस टप्पे. प्रत्येक टप्प्यात शत्रूचे वीस रणगाडे वरून येतात आणि तळाशी मध्यभागी असलेला गरुड आपण वाचवायचा. पण या खेळात आपला टप्पा आपण रचायचीही सोय आहे. तेरा बाय तेरा चौकटींचं मैदान. त्यात विटा, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ हवं तिथे ठेवा. पुतण्याने त्यात शिवनेरी रचला होता. सात दरवाजे विटांचे, कडे पोलादाचे, गंगा-जमुना टाकी पाण्याच्या दोन चौकटींत. साखळीच्या वाटेला झाडी, म्हणजे रणगाडा लपून जातो. अडचण एकच होती. शत्रू वरून येतो आणि राखायचं ते खाली. गडाचं सगळं उलटं. म्हणून त्याने गडच उलटा काढला, माथा खाली आणि पायथा वर. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने जपानी खेळाच्या अटी मान्य करून त्यात आपला डोंगर बसवला.

यंत्र बंद केलं की हे सगळं पुसलं जाई, आणि वीज तर रोज जायची. म्हणून चौकटीच्या वहीत, गणिताच्याच, तेरा बाय तेराचं मैदान आखून तो ते उतरवून ठेवी.

दहावीच्या वर्षी त्याच्या वडिलांनी यंत्र आमच्या हवाली केलं. घरातले प्राध्यापक आम्ही. आम्ही ते कपाटात ठेवलं, किल्ली पुण्याला नेली. परीक्षा झाल्यावर यंत्र परत दिलं. वही दिली नाही, कारण तोवर ती रद्दीत गेली होती. गणिताची जुनी वही समजून आम्हीच दिली होती. त्या वेळी तो काही बोलला नाही. आता माळ्याखाली उभं राहून तो सहज म्हणाला, “काका, ती वही तुम्हीच रद्दीला घातली होती.” रागाने नाही, माहिती म्हणून.

इतिहासाच्या साधनांवर आम्ही पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. दप्तरं जळाली, पुरात गेली, वाळवी लागली, अशी हळहळ असते. आमच्या हातून एक साधन किलोच्या भावाने गेलं. जपानच्या खेळात जुन्नरच्या मुलाने काय भर घातली, याचा आमच्या माहितीतला तो एकुलता एक कागद होता. आणखी कुणाकडे असतील. मंचर, घोडेगाव, ओतूर, आळे, बेल्हे, कुठेही. आपल्या घरी माळ्यावर अशी कॅसेट, असं यंत्र, अशी वही निघाली तर काटेवाल्याला थांबवा. कॅसेट चालते की नाही याला महत्त्व नाही. कुठून आणली, साधारण कोणत्या साली, त्या खेळाला घरात काय म्हणत, एवढं एका कागदावर लिहा आणि खोक्यात ठेवा.

त्या दिवशी भंगारवाला स्टोव्ह आणि घागर घेऊन गेला. खोका घरातच राहिला. अडॅप्टर मेला आहे, नव्या टीव्हीला ती वायर लागत नाही, त्यामुळे यंत्र चालू झालं नाही. पण रात्री जेवणानंतर पुतण्याने मार्केट यार्डातली टोमॅटोची एक पट्टी घेतली, ती उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर तेरा बाय तेराच्या रेघा मारल्या आणि गड आठवून आठवून भरायला लागला. मुलगा शेजारी बसून बघत होता. दरवाजे सातही आठवले. टाकी आठवली. खाली डाव्या कोपऱ्यातल्या दोन चौकटींत झाडी होती की बर्फ, यावर तो अडला. बराच वेळ पेन्सिल धरून बसला. मग म्हणाला, की धाकट्याला विचारावं लागेल, दुसरा रिमोट त्याच्याकडे असायचा. धाकटा नाशिकला असतो. मे महिन्यात येईल.